गोळीला धातू कळत नाही

पेंटबॉलच्या बंदुकीला टायटॅनियमची नळी लावून मिरवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: हे तुझ्या गोळीला कळवलंस का? ती बिचारी तीन ग्रॅमची जिलेटिनची पुडी. पोटात रंग, पाठीमागून हवेचा एक धक्का, आणि सेकंदाचा शंभरावा भाग सरायच्या आत ती नळीबाहेर. तेवढ्या वेळात तिने आजूबाजूच्या भिंतीचा धातू ओळखायचा, त्याची किंमत जाणायची आणि भारावून जाऊन सरळ रेषेत उडायचं, अशी या मंडळींची अपेक्षा असते.

हे मी गोरखपूरला बसून लिहितोय. उत्तर प्रदेशातलं नव्हे, जबलपूरचं. छोटी लाईन फाटक हे नाव अजून तोंडात असलेलं, गोंदियाकडे जाणारी नॅरोगेज गाडी जिथून खडखडत जायची ते गोरखपूर. बाजारात इथे सगळं मिळतं. टायटॅनियमची नळी तेवढी मिळत नाही. ती परदेशातून मागवावी लागते, आणि ती हवीशी वाटण्याचं निम्मं कारण हेच आहे.

या गावात नळीच्या बाबतीत फसायला खरं तर खास कर्तबगारी लागते. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना, त्याच्या शेजारी तोफा-गोळ्यांच्या चाचणीचं लाँग प्रूफ रेंज. 8 एप्रिल 2019 रोजी सहा ‘धनुष’ तोफांची पहिली तुकडी सैन्याच्या हाती सोपवली गेली, ती याच गावात. माझी सगळी नोकरी यंत्रशाळेत गेली. बोअर गेज हातात धरूनच केस पिकले. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस असा निघायचा की जो चहाच्या टपरीवर बसून बॅरलची सरळता, रनआउट आणि थाउ (इंचाचा हजारावा भाग) यांवर वाद घाले. त्या माणसांची नातवंडं आता मोबाईलवर जाहिरात बघून मला सांगतात, “काका, एअरोस्पेस ग्रेड आहे!”

बेटा, विमानाच्या संडासातली कडीसुद्धा एअरोस्पेस ग्रेडची असते. आणि विमानांचे सांगाडे वर्षानुवर्षं ज्या धातूचे बनले तो अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे तू जी साधी नळी काढून फेकायला निघालास तिचाच भाऊबंद.

आता वजनाचं बघू, कारण या भक्तांचा पहिला मंत्र “हलकी आहे हो” हाच असतो. कुणापेक्षा हलकी? एका घन सेंटिमीटर पोलादाचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमचं साडेचार, अ‍ॅल्युमिनियमचं दोन पूर्णांक सात. म्हणजे टायटॅनियम पोलादापेक्षा हलकं खरं, पण पेंटबॉलच्या नळ्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. त्याच मापाची, त्याच जाडीची नळी टायटॅनियमची केली तर ती दीडपटीहून जड होईल. ती हलकी करायची तर भिंत पातळ कातावी लागते. कारागीर ती काततो. मग हाताला किती फरक पडतो? समजा तीस ग्रॅम वाचले. तीस ग्रॅम म्हणजे दहा गोळ्या. बंदुकीच्या डोक्यावरच्या डब्यात दोनशे गोळ्या भरल्या की सहाशे ग्रॅम होतात. खेळ सुरू झाल्यावर पहिल्या दहा गोळ्या झाडल्या की साध्या नळीवाल्याचंही वजन तेवढंच उतरतं, आणि त्याला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

दुसरा मंत्र मजबुतीचा. टायटॅनियमचा जो मिश्रधातू सर्रास वापरतात, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमवाला, तो ताकदीला जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण ही ताकद कशाशी झुंजणार? आजच्या पेंटबॉल बंदुकीत गोळी ढकलणारी हवा दहा-पंधरा बारच्या घरात. गोळी बाहेर पडते तेव्हा तिची ऊर्जा जेमतेम बारा-तेरा जूल. तोफेच्या कोठडीत हजारो बारचा दाब उसळतो, तिथे धातूची जात तपासायची असते. जिलेटिनची पुडी ढकलायला अ‍ॅल्युमिनियम पुरून उरतं. रंगाची गोळी झाडून झाडून नळी झिजली, असं मी कधी पाहिलं नाही. गंजाची भीती घालू नका. अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियमही गंजत नाही. हां, नळी जीपच्या चाकाखाली आली तर टायटॅनियमची कदाचित वाचेल. ज्यांच्या नळ्या नेमाने जीपखाली जातात त्यांनी खुशाल घ्यावी.

आणि तोफांचंच उदाहरण हवं असेल तर ते टायटॅनियमवाल्यांच्या तोंडावर फेकण्याजोगं आहे. भारताने 2016 मध्ये अमेरिकेकडून 145 एम-777 हॉवित्झर घ्यायचा करार केला. टायटॅनियममुळे गाजलेली ही तोफ. 155 मिलिमीटरची असून वजन सव्वाचार टनांच्या आसपास. आमची धनुष तेरा टनांच्या घरात. एम-777 हेलिकॉप्टरला लटकवून डोंगरावर नेता येते, म्हणून तिथे टायटॅनियमचा एकेक रुपया सार्थकी लागतो. पण टायटॅनियम आहे कुठे? गाड्यात, पाळण्यात, जमिनीत रुतणाऱ्या पायांत. तोफेची नळी पोलादाचीच आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध टायटॅनियम तोफेच्या कर्त्यांनीही नळीला हात लावला नाही, आणि आमच्या गल्लीतल्या वीराला मात्र रंगाची पिचकारी उडवायला टायटॅनियमचीच नळी हवी.

किंमत खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. टायटॅनियम दुर्मीळ नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचं खनिज, इल्मेनाइट, सापडतं. महाग आहे ते त्याला धातूरूपात आणणं. क्लोरिनशी संयोग घडवायचा, मग मॅग्नेशियमने त्यातून धातू सोडवायचा, हाती येतो तो स्पंजासारखा गोळा, तो निर्वातात वितळवायचा. केरळात चवऱ्याला असा स्पंज बनवण्याचा कारखाना आहे. पुढे लेथवर चढवलं की याचे नखरे सुरू. उष्णता धातूतून पसरत नाही, टूलच्या टोकाशीच साचते. धार भराभर बसते. बारीक कीस ठिणगीने पेट घेतो. थ्रेड एकमेकांत असे चिकटतात की पाना लावून बसावं लागतं. नळीची आतली बाजू आरशासारखी करायची तर अ‍ॅल्युमिनियमला किंवा पोलादाला लागतो त्यापेक्षा जास्त घाम गाळावा लागतो. म्हणजे तिप्पट-चौपट पैसे मोजून तुम्ही जे घेता ते कारागिराचे खरे कष्ट आहेत. त्या कष्टांचं फळ नेमापर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण.

गंमत अशी की खाणीतून निघणाऱ्या टायटॅनियमचा फार मोठा हिस्सा धातू होतच नाही. त्याचं डायऑक्साइड होऊन पांढऱ्या रंगात जातं. भिंती रंगवायला. टायटॅनियमची जागा निसर्गाने आणि बाजाराने मिळून रंगात ठरवलेली आहे. ते नळीत कोंबायचा हट्ट आपला.

मग नेम कशाने लागतो? गोळी आणि बोअर यांच्या मापाने. पेंटबॉल म्हणायला 0.68 इंचांचा. प्रत्यक्षात पेटीगणिक माप बदलतं, आणि एका पेटीतल्या गोळ्यासुद्धा शंभर टक्के गोल नसतात. जिलेटिनच्या दोन अर्ध्या वाट्या जोडल्याची शिवण असतेच. म्हणून जाणती माणसं नळीत बदलता येणाऱ्या स्लीव्ह ठेवतात. एका गाजलेल्या किटमध्ये 0.679 ते 0.695 इंचांपर्यंत आठ मापं येतात. दोन मापांत फरक दोन-तीन थाउंचा. गोळी स्लीव्हमध्ये टाकायची, तोंडाने हलकी फुंकर मारायची, फुंकरीने सरकली पण आपोआप घरंगळली नाही तर माप बरोबर. यंत्रशाळेतल्या ‘गो, नो-गो’ गेजचा हा धाकटा भाऊ. यात धातूचं नाव कुणी विचारत नाही. गोल, द्रवाने भरलेली गोळी एकदा बाहेर पडली की हवा तिला हवी तशी वळवते. रायफलीसारखे आटे कापूनही फायदा नाही, कारण टरफल फिरलं तरी पोटातला रंग त्याच्याबरोबर फिरत नाही.

वेगाचं म्हणाल तर तिथेही हात बांधलेले. मैदानावर उतरण्याआधी क्रोनोग्राफवर वेग मोजतात आणि सेकंदाला 280 ते 300 फुटांच्या वर कुणालाच जाऊ देत नाहीत. तुमची नळी टायटॅनियमची असो की सोन्याची, गोळी शेजाऱ्याच्याच वेगाने निघणार. लांबीचंही तसंच: ढकलण्याचं काम नळीच्या पहिल्या आठ-दहा इंचांत उरकतं, पुढची लांबी आवाज कमी करणाऱ्या भोकांसाठी आणि रुबाबासाठी.

आमच्या जबलपूरला तर या सगळ्याच्या वर हवामान बसलंय. जिलेटिन पाणी पितं. जुलै-ऑगस्टमध्ये नर्मदेवरून दमट वारा आला की उघड्या पेटीतली गोळी फुगते, मऊ पडते, नळीतच फुटते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गोळ्या एकमेकींना दाबून चपट्या होतात. थंडीत टरफल ठिसूळ होतं. अशी अंडाकृती गोळी टायटॅनियमच्या नळीतून सोडणं म्हणजे फाटका सदरा इस्त्रीला लाँड्रीत देणं. त्यापेक्षा गोळ्या ताज्या घ्या, थंड-कोरड्या खोलीत ठेवा, पेटी अधूनमधून उलटीपालटी करा. हा सल्ला फुकट आहे आणि त्यात चमकदार काही नाही, म्हणून तो कुणी ऐकत नाही.

शिक्क्यावर भुलण्याचं म्हणाल तर गाव अनुभवी आहे. 2017 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो धनुषच्या बेअरिंगांवरून: चिनी माल जर्मनीचा म्हणून गन कॅरेज फॅक्टरीला पुरवल्याचा आरोप. तोफेच्या पुरवठ्यात हे होऊ शकतं, तर ऑनलाइन मागवलेल्या तुमच्या नळीवर लेझरने कोरलेली ‘Ti’ ही दोन अक्षरं कुणी तपासली? निदान वजन तरी करा. आमच्या यंत्रशाळेत नवीन मुलाला पहिली शिकवण हीच असे की लेबल वाचू नकोस, मोज.

या खेळाचा जन्मच पाहा. 27 जून 1981, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर. बारा माणसं जंगलात उतरली. हातात नेल-स्पॉट 007, जंगलात झाडांवर आणि गुराढोरांवर खुणा करायला वापरायचं रंगाचं पिस्तूल. एकामागून एक गडी बाद होत गेले. जिंकला तो रिची व्हाइट, पेशाने वनकर्मी. सगळे झेंडे त्याने गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही! पेंटबॉलचा पहिला विजेता नळी न वापरता जिंकला. त्याला झाडाआड उभं राहता येत होतं, वाट कळत होती, घाई नव्हती. यातलं काहीही लेथवर कातता येत नाही.

आता जे खरोखर नेमबाजी करतात त्यांच्याकडे वळा. त्यासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. जबलपूरची रुबिना फ्रान्सिस. वडील मोटार मेकॅनिक. पोरीने इथेच नेमबाजी धरली, टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीत सातवी आली, आणि 31 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला दहा मीटर एअर पिस्तुलात 211.1 गुणांसह कांस्यपदक घेतलं. त्याच महिन्याच्या 1 तारखेला पॅरिसच्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्य मिळवलं. नोकरी मध्य रेल्वेत. या खेळात साहित्य स्वस्त नाही, आणि गरिबाच्या पोराला ते परवडत नाही हे दुःख खरं आहे. पण पैसा कुठे जातो ते बघा. नामांकित एअर रायफली-पिस्तुलांच्या नळ्या पोलादाच्या. वरच्या पातळीवरचे खेळाडू छर्‍यांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून तपासतात, 4.49 की 4.50 मिलिमीटर यावर डोकं फोडतात, जमलेला लॉट साठवून ठेवतात. उरलेला पैसा सरावात जातो. दहा मीटर रायफलीच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. तेवढ्यात गोळी बसवणाऱ्यांना टायटॅनियम लागत नाही, आणि तीस पावलांवरच्या, हेल्मेट घातलेल्या, ओरडत धावणाऱ्या चुलतभावाच्या पोटावर रंग उडवायला आपल्याला लागतं!

शौक करू नका असं मी म्हणत नाही. टायटॅनियम तापवलं की निळा-जांभळा रंग सुरेख चढतो, हातात घेतलं की बरं वाटतं. दागिना म्हणून घ्यायचा तर दागिना म्हणून घ्या, बायकोला किंवा नवऱ्याला तसं तोंडावर सांगा. फक्त मैदानावर येऊन “नेम सुधारला” म्हणू नका. नेम सुधारला असेल तर नवीन नळीचे पैसे वसूल करायला तुम्ही यंदा जास्त वेळा खेळलात म्हणून.

ज्याला खेळायचंय त्याने बऱ्यापैकी अ‍ॅल्युमिनियमची नळी घ्यावी, तीन-चार मापांच्या स्लीव्ह घ्याव्यात, आणि टायटॅनियमच्या फरकातून उरलेले सगळे पैसे ताज्या गोळ्यांवर उडवावेत. आणि चेहऱ्यावरचा मास्क मात्र चांगल्यातला चांगला घ्या. तिथे काटकसर कराल तर डोळा जाईल.