चादर चढवलेला अल्बम

स्वीडनच्या रिफ्यूज्ड या बँडचा ‘द शेप ऑफ पंक टू कम’ हा अल्बम १९९८ च्या ऑक्टोबरात आला. ‘पंकचे येऊ घातलेले रूप’ असा या नावाचा साधारण अर्थ. तेव्हापासून आजपर्यंत श्रोत्यांनी त्याच्याबद्दल जे म्हटले आहे, त्यात दोन तट सरळ दिसतात. एक म्हणतो, असा अल्बम पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, सगळी उसनवारी आणि बडेजाव आहे. मला स्वतःला अल्बम आवडतो, तरी माझे मत असे की नावे ठेवणाऱ्यांनी तो जास्त कान देऊन ऐकला आहे. थोर थोर म्हणणारे बरेच जण मजारीवर चादर चढवतात, फातिहा पढतात आणि चपला घालून चालू लागतात.

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पंक म्हणजे कमी सुरांत, वेगाने आणि रागाने वाजवलेले रॉक. त्याला आणखी वेग दिला, आणखी आवळले, तेव्हा १९८० च्या आसपास अमेरिकेत हार्डकोर झाले. गाणे मिनिट-दीड मिनिटाचे, गायकाचा घसा फुटेपर्यंत ओरडा. पाच-सहा वर्षांत त्यातल्याच काही मुलांना ही चौकट अपुरी वाटू लागली. राग तसाच ठेवून त्यांनी गाण्याची रचना मोकळी केली. ठेका तोडला, शांततेला जागा दिली. या शाखेला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. वॉशिंग्टनचा फुगाझी हा तिचा मोठा बँड.

रिफ्यूज्ड उत्तर स्वीडनमधल्या उमेओ या विद्यापीठाच्या गावातला. १९९१ साली सुरू झाला. डेनिस लिक्सेन गाणारा, डेव्हिड सँडस्ट्रॉम ड्रमवर. नव्वदच्या दशकात या गावातली हार्डकोर ऐकणारी कितीतरी पोरे दारूला शिवत नसत, नशा करत नसत, मांस-दूध सोडून होती. ‘स्ट्रेट एज’ हे त्या व्रताचे नाव. ते वॉशिंग्टनच्याच मायनर थ्रेट या बँडच्या १९८१ च्या एका गाण्यावरून पडले. आपल्या घरांत रॉक म्हटले की पहिल्यांदा बाटली डोळ्यांसमोर येते. कुठल्याही धर्माच्या आज्ञेशिवाय, केवळ ‘मला माझी शुद्ध विकायची नाही’ एवढ्या कारणाने बाटली नाकारणारी ही पोरे होती, हे आपल्या वाचकांना मुद्दाम कळावे. संगीत जायज की नाजायज हा आपल्यातला जुना वाद आहे, त्यात आज शिरत नाही. पण न ऐकताच ‘गोंगाट’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असावे.

आता अल्बम. बारा गाणी, जवळपास पंचावन्न मिनिटे. १९९६ च्या आधीच्या अल्बममध्ये हा बँड सरळ, जड हार्डकोर वाजवत होता. इथे मात्र गिटारचा मारा चालू असताना मध्येच जाझचा उभा बास येतो. एक तुकडा नुसता इलेक्ट्रॉनिक खरखरीचा आहे. ‘टानहॉयझर/देरिव्ह’ या गाण्यात व्हायोलिन आहे आणि ते आठ मिनिटे चालते. नावाचा अर्धा भाग वाग्नरच्या ऑपेरातला, अर्धा गी दबोर आणि त्याच्या सिच्युएशनिस्ट मंडळींच्या शब्दकोशातला. शेवटचे गाणे इतके हळू आहे की आधीच्या पन्नास मिनिटांनंतर ते ऐकताना माणूस थबकतो. सोबतच्या पुस्तिकेत भांडवलशाहीवर, कलेवर लांबलचक टिपणे आहेत.

तेव्हाच्या हार्डकोर श्रोत्यांतल्या अनेकांना ही सरळ बिदअत वाटली. धर्मातला शब्द मी उसना घेतोय, पण त्या जगातही सलफ आहेत, शुद्धतेचे रखवालदार आहेत. कोण खरा, कोण बाटलेला याचा निवाडा तिथेही रोज होतो. बाकी जगाने दखल घेतलीच नाही. बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता, समोर माणसे थोडी, आपसांत धुसफूस. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग गावी एका घराच्या तळघरात कार्यक्रम चालू असताना पोलिसांनी तो बंद पाडला, आणि तोच शेवटचा ठरला. अल्बम नीट दुकानांत पोहोचायच्या आत बँड मोडला होता. जाताना त्यांनी जाहीर पत्रक काढले : आम्ही मेलो आहोत, पुन्हा कधी एकत्र वाजवणार नाही, वर्तमानपत्रांनी आमचे फोटो जाळून टाकावेत.

मेल्यावर मजार उभी राहायला किती वेळ लागतो? तीन-चार वर्षांत तोंडातोंडी नाव पसरले. ज्यांनी बँडला कधी समोर पाहिले नव्हते तेच सर्वांत मोठे मुरीद झाले. आजही त्यांच्या तोंडी ‘काळाच्या पुढचा’, ‘मास्टरपीस’ हे शब्द ठरलेले आहेत. शब्द खोटे नाहीत. पण ‘कुठल्या गाण्यात? कुठे?’ असे विचारले की बहुतेकांची गाडी ‘न्यू नॉइज’ या एका गाण्यावर थांबते.

नावे ठेवणाऱ्यांचे तीन आक्षेप मात्र नेमके आहेत.

पहिला, उसनवारीचा. अल्बमचे नावच अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या १९५९ च्या ‘द शेप ऑफ जाझ टू कम’वरून घेतलेले. तेही थेट नाही. वॉशिंग्टनच्या नेशन ऑफ युलिसिस या बँडने १९९२ सालीच ‘द साउंड ऑफ जाझ टू कम’ नावाचे गाणे केले होते. जाहीरनाम्याची भाषा, नीटनेटके कपडे, क्रांतीचा नाटकी आव हे सगळे त्यांच्याकडे आधीच होते. हा आक्षेप घेणाऱ्याने दोन्ही बँड ऐकलेले असतात, ही पहिली गोष्ट. आणि तो बरोबर आहे. फक्त मी त्याच्यापुढे एक पाऊल जाईन. गझल शिकवताना आम्ही मुलांना ‘जमीन’ समजावतो. दुसऱ्या शायराची रदीफ, काफिया आणि बहर घेऊन त्यावर आपली गझल लिहायची. यात चोरी नाही, कारण जमीन कोणाची ते मैफलीतल्या प्रत्येकाला माहीत असते. प्रश्न एकच : त्या जमिनीवर तू काय उगवलेस? रिफ्यूज्डने जमीन लपवली नाही, नावातच सांगितली. आणि नेशन ऑफ युलिसिसचे ध्वनिमुद्रण जिथे मुद्दाम ओबडधोबड आहे, तिथे यांनी प्रत्येक आवाज घासून, जागच्या जागी बसवून दिला. पीक वेगळे आले.

दुसरा आक्षेप सुखवस्तूपणाचा. स्वीडनमध्ये गावोगाव नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, तरुणांच्या बँडना सरावाच्या खोल्या मिळाव्यात म्हणून अभ्यासमंडळांना सरकारी मदत मिळते. सरकारच्या पैशाने शिकायचे आणि सरकारविरुद्ध ओरडायचे, हा कसला बंडखोर, असे हे श्रोते विचारतात. प्रश्न बोचरा आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला उलटा वाटतो. ज्याला जाझचा बास ऐकायला, शिकायला, चुकायला वेळ मिळाला, त्यालाच तो हार्डकोरमध्ये आणण्याचे सुचले. उपाशीपोटी केलेलेच बंड खरे, हे पोट भरलेल्यांनी काढलेले प्रमाणपत्र आहे. मुलांच्या हाती फुकट वाद्ये दिली तर काय निघते, याचा हा अल्बम पुरावा आहे. ज्या शाळांत संगीताचा तास वेळापत्रकात असतो आणि वर्गात गणित चालते, त्यांनी तो जरूर पाहावा.

तिसरा आक्षेप विक्रीचा, आणि तो सर्वांत जड आहे. कधीच परतणार नाही म्हणणारे २०१२ साली परत आले, तेही कॅलिफोर्नियातल्या कोचेला या मोठ्या, महागड्या महोत्सवात. २०१५ च्या ‘फ्रीडम’ या अल्बममधल्या दोन गाण्यांवर त्यांनी शेलबॅकसोबत काम केले. हा टेलर स्विफ्टची गाणी करणारा निर्माता. २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेममध्ये समुराई नावाच्या काल्पनिक बंडखोर बँडची गाणी यांनीच वाजवली. २०२२ मध्ये शिकागोतल्या एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरावरच्या ‘द बेअर’ मालिकेत ‘न्यू नॉइज’ वाजले आणि नव्या पिढीला ते तिथून कळले. बंडाचा आवाज बाजार कसा गिळतो आणि म्हणून नवा आवाज हवा, हाच त्या गाण्याचा विषय. तेच आता पडद्यावर भांडी आदळताना पाठीमागे वाजते. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात उमेओत निरोपाचे कार्यक्रम करून बँड दुसऱ्यांदा थांबला. या वेळी फोटो जाळायला कुणी सांगितले नाही.

या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि ते असलेच पाहिजे असेही मला वाटत नाही. माणसे विशी-पंचविशीत जे लिहितात त्याच्याशी त्यांना चाळिशीत जन्मठेपेसारखे बांधून ठेवणे बरे नव्हे. त्यांनाही घरे आहेत. पण ज्याला परत येण्याचा राग आला, त्याने त्या पत्रकातला शब्द खरा मानला होता. ज्याला काहीच वाटले नाही, त्याने तो शब्द वाचला तरी होता का, हा मला पडलेला प्रश्न आहे. रागावलेला श्रोता हा शब्द पाळणारा श्रोता असतो.

आता भक्तांकडे वळतो. आपल्याकडे तकलीद आणि इज्तिहाद हे दोन शब्द आहेत. तकलीद म्हणजे आधीच्या जाणकाराच्या मतामागे चालणे. इज्तिहाद म्हणजे मूळ आधाराशी भिडून, कष्ट करून स्वतःच्या विचाराने निष्कर्ष काढणे. फिकहमध्ये दोन्हींना आपापली जागा आहे. गाणे ऐकण्यात मात्र तकलीद कामाची नाही, कारण कान ज्याचे त्यालाच वापरावे लागतात. आणि हा अल्बम तर पहिल्या गाण्यापासून श्रोत्याला इज्तिहाद कर म्हणून हाका मारतो. मिळालेली चौकट का पाळतोस, असे विचारतो. त्याच्याच नावाने चौकट तयार व्हावी, यात काहीतरी चुकले आहे.

चुकले ते पुढच्या बँडांच्या बाबतीतही. अल्बमचा प्रभाव प्रचंड, हे सगळेच सांगतात. पण कशाचा? दबक्या गिटारने सुरुवात, ताण वाढवत नेणे, मग एकदम स्फोट आणि किंकाळी, एवढी ‘न्यू नॉइज’ची युक्ती शेकडो बँडांनी उचलली. जाझचा बास, व्हायोलिन, खरखरीचा तुकडा, शेवटचे हळू गाणे इथे फार थोडे फिरकले. पंकचे येऊ घातलेले रूप आले ते यांनी रेखाटले तसे नाही. भविष्यवाणी फसली आणि तरी अल्बम मोठा राहिला. मला तर ही फसलेली भविष्यवाणीच त्यातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते. ते रूप अजून यायचे आहे.

भविष्य रेखाटून ते खरे झाल्याचे उदाहरण त्याच जगात आहे, आणि ते आपल्याला जवळचे आहे. मायकेल मुहम्मद नाइट या इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकन लेखकाने २००३ च्या सुमारास ‘द तकवाकोर्स’ ही कादंबरी स्वतःच छायाप्रती काढून वाटली. एका घरात राहणारे मुसलमान पंक त्याने कल्पनेने उभे केले होते. त्यानंतर द कोमिनाज यांच्यासारखे खरेच मुसलमान घरांतल्या मुलांचे पंक बँड निघाले. कादंबरीतली कितीतरी दृश्ये मला पटत नाहीत, अनेक मुसलमानांना ती दुखावणारीही वाटली. पण त्या मुलांनी पुस्तकाला चादर चढवली नाही. हातात गिटार घेतली आणि आपली भांडणे स्वतःच्या शब्दांत मांडली.

हे सारे एका शिक्षकाला का टोचते, तेही सांगतो. दरवर्षी उत्तरपत्रिकांत ‘रसग्रहण करा’ या प्रश्नाखाली गाईडमधले वाक्य येते : कवीने अत्यंत प्रभावी शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत. मराठीच्या कवितेखाली तेच, उर्दू नज्मेखाली तेच. गुण द्यावे लागतात, कारण वाक्य चूक नाही. एखादा मुलगा लिहितो, ‘मला हे दुसरे कडवे ओढून ताणून वाटले,’ आणि का ते दोन ओळींत सांगतो. त्या मुलाने कविता वाचलेली असते. अशा मुलाला ‘मोठ्या कवीला नावे ठेवतोस?’ म्हणून गप्प करणारे शिक्षक आणि ‘तुला हा अल्बम कळलाच नाही’ म्हणून नव्या श्रोत्याला हाकलणारे रॉकभक्त, दोघेही एकाच मदरशात शिकलेले दिसतात.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांना एकच विनंती. ‘न्यू नॉइज’ने सुरुवात करू नका, ते तुम्हाला कुठेतरी सापडेलच. ‘टानहॉयझर’ची आठ मिनिटे आधी ऐका आणि त्याला लागून येणारे शेवटचे हळू गाणे संपेपर्यंत थांबा. नाही आवडले तर नाही म्हणा, मोठ्याने म्हणा, कुठे बिनसले तेही सांगा. मुशायऱ्यातसुद्धा ‘मुकर्रर’ म्हणणाऱ्याला शेर आधी ऐकावा लागतो.