समुद्र सगळीकडे सारखाच असतो

परदेशात लग्न करायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, बाली की फुकेत? मग बजेट. मग ड्रोनची परवानगी, पाऊस, आजीसाठी बिनकांद्याच्या जेवणाची सोय. ज्या देशात लग्न करतोय म्हणतो, त्या देशाच्या कायद्यानं ते लग्न होतं का, आणि झालंच तर विमानातून उतरल्यावर इथं टिकतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. एखाद्यानं विचारलंच, तर वेडिंग प्लॅनर सांगतो, "ते तुम्ही इंडियात करून घ्या."

म्हणजे लग्न इंडियातच. मग बालीत काय?

बालीत सोहळा. त्याला माझी हरकत नाही. पैसे तुमचे, हौस तुमची. पण त्याला परदेशात लग्न म्हणू नका. परदेशात लग्न ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांना गरज होती अशी माणसं ते फार वर्षांपासून करत आली आहेत, आणि देश निवडताना त्यांनी समुद्र पाहिला नाही, कायदा पाहिला. लग्नासाठी देश निवडायचा असेल तर तेवढा एकच निकष शहाणपणाचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

बालीचंच घ्या. समजा मुलगी हिंदू, मुलगा ख्रिश्चन. दोन्ही घरांत धुसफूस. म्हणून ठरतं की लांब जाऊ, जिथं कुणी ओळखत नाही तिथं. इन्स्टाग्रामवर बाली म्हणजे मोकळेपणाचं दुसरं नाव. प्रत्यक्षात इंडोनेशियाच्या १९७४च्या विवाह कायद्यानुसार लग्न धर्माच्या नियमांप्रमाणेच व्हावं लागतं, आणि व्यवहारात दोघांचा धर्म एकच दाखवावा लागतो. धर्म बाजूला ठेवून नुसत्या सहीनं लग्न, हा प्रकार तिथं नाही. २०२३ मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं परिपत्रक काढून खालच्या न्यायालयांना बजावलं, की भिन्नधर्मीय जोडप्यांच्या नोंदणीचे अर्ज मंजूर करू नका. हे जोडपं पुण्यात कायद्यानं लग्न करू शकतं, बालीत करू शकत नाही. रीलमध्ये हे येत नाही.

थायलंडमध्ये कायदेशीर लग्न होतं, पण किनाऱ्यावर नाही. ते होतं 'अम्फो'मध्ये, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या जिल्हा कार्यालयात. त्यासाठी आपल्या दूतावासाकडून तुम्ही लग्नाला मोकळे असल्याचा कागद लागतो, त्याचं थाई भाषांतर लागतं, त्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. वाळूवरचा मांडव, अंतरपाट, मंगलाष्टकं यांची त्या कचेरीत नोंद होत नाही.

मग 'इंडियात करून घ्या' हा सल्ला तरी नीट आहे का? दोघं हिंदू असतील तर त्यातही एक खोच आहे, आणि ती लग्न ठरलेल्या प्रत्येकानं समजून घ्यावी. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही आधीच झालेल्या लग्नाची नोंद असते. लग्न विधींनी होतं. नोंदणीनं त्याचा पुरावा तयार होतो. आपण उलटं करतो. व्हिसाची घाई असते, म्हणून आधी प्रमाणपत्र काढतो आणि सप्तपदी सहा महिन्यांनी फुकेतला ठेवतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. जोडप्यानं प्रमाणपत्र आधी मिळवलं होतं, समारंभ पुढे ढकलला होता, आणि मधल्या काळात बिनसलं. न्यायालयानं सांगितलं, विधी झालेले नाहीत, तेव्हा कागद असला तरी हे लग्न झालेलंच नाही. विचार करा, त्या कागदावर कुणी कॅनडाचा व्हिसा काढला असेल, एकत्र फ्लॅटचं कर्ज घेतलं असेल.

सही आधी आणि सोहळा नंतर असंच हवं असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. तिथं सही हेच लग्न. धर्म कोणताही चालतो. पण तिथं आपल्या देशाचं खरं रूप दिसतं. लग्नाची नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते, आणि तीस दिवस थांबायचं. त्या तीस दिवसांत कुणीही येऊन आक्षेप घेऊ शकतो. कायद्यातली आक्षेपाची कारणं मोजकी आहेत, पण घरच्यांना कारणाची नाही, पत्त्याची गरज असते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस लावू नये असं सांगितलं. कायद्यातलं कलम मात्र तसंच आहे. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समितीच नेमली. टीका झाल्यावर आंतरजातीय वगळलं, आंतरधर्मीय ठेवलं.

आणि याच देशाचे पंतप्रधान २०२३च्या नोव्हेंबरात 'मन की बात'मध्ये विचारतात, परदेशात जाऊन लग्न करणं गरजेचं आहे का? पुढच्याच महिन्यात डेहराडूनला 'वेड इन इंडिया'ची हाक देतात. हाक श्रीमंतांना होती, कारण मुद्दा पैसा देशात राहण्याचा होता. ठीक आहे, उदयपूरच्या हॉटेलांचं भलं होवो. पण गरजेचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर काही जणांसाठी 'हो' असं आहे, आणि ते उत्तर नोटीस बोर्डवर चिकटवलेलं आहे. इथं लग्न करा म्हणायचं असेल तर आधी तो बोर्ड काढा.

यात नवीन काही नाही. इंग्लंडमध्ये १७५४ पासून एकवीसच्या आतल्या मुलामुलींना लग्नाला पालकांची संमती सक्तीची झाली. स्कॉटलंडमध्ये ती नव्हती. साक्षीदारांसमोर दोघांनी 'आम्ही नवरा-बायको' म्हटलं की पुरे. मग सीमा ओलांडल्यावर लगेच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीन या खेड्यातल्या लोहाराचं दुकान पळून आलेल्या जोडप्यांनी भरू लागलं. आज इस्रायल आणि लेबनॉनमध्ये नागरी विवाह होत नाही, लग्न धर्मपीठांच्या ताब्यात आहे. म्हणून एकमेकांचे शत्रू असलेल्या या दोन्ही देशांतली जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात, आणि दोन्ही देश परत आल्यावर ती मान्य करतात. सायप्रसलाही सुंदर किनारा आहे, पण त्यासाठी कुणी जात नाही. जातात नगरपालिकेत.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे मी सांगायची गरज नाही. तिथल्या नोंदणी कार्यालयात लग्न करायचं तर भारतातले जन्मदाखले, अविवाहित असल्याचे कागद, त्यांची वकिलातीमार्फत पडताळणी यात महिने जातात. म्हणून कित्येक जोडपी डेन्मार्कला जातात. तिथली सरकारी यंत्रणा कागद तपासून प्रमाणपत्र देते, मग एरोसारख्या छोट्या बेटावरच्या कार्यालयात लग्न लागतं. त्यांच्या अल्बममध्ये फोटो चार, पण ते लग्न जर्मनीत चालतं. मला विचाराल तर डेस्टिनेशन वेडिंग हेच.

आपल्या सोयीचा म्हणून दूतावासातल्या लग्नाचाही पर्याय असतो, परदेशी विवाह कायदा, १९६९. तो निवडण्याआधी एक कलम वाचा. एकजण तरी त्या देशात तीस दिवस राहिलेला हवा, नोटीस दूतावासात लागतेच, आणि भारतातही प्रसिद्ध करावी लागते. ज्यांच्यापासून लांब गेलात त्यांच्यापर्यंत ती पोचायची सोय कायद्यानंच केली आहे. याच कायद्याचं सतरावं कलम जास्त कामाचं. त्या देशाच्या कायद्यानं रीतसर लग्न करा, मग दूतावासात त्याची नोंद मागा. दोघांपैकी एकजण तरी भारतीय नागरिक हवा.

आता यादीबद्दल. 'परदेशात केलं की पाहुणे आपोआप कमी होतात' हे कारण मी अनेकांकडून ऐकलंय, आणि मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं. पासपोर्ट नसलेली आत्या, शेतीची कामं सोडून येऊ न शकणारा मामा, गावाकडची पन्नास घरं एका फटक्यात गळतात. फक्त हे लक्षात घ्या, की ज्यांना तुम्ही तोंडावर नको म्हणू शकला नाहीत त्यांना विमानाच्या तिकिटानं नको म्हटलंत. ते काम रजिस्ट्रारच्या कार्यालयात तीन साक्षीदारांत फुकट झालं असतं.

आणि ज्यांना इथं कोणत्याच कार्यालयात जागा नाही ते? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या याचिकांमध्ये दोन पुरुषांची याचिका होती. २०१७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला कायदेशीर लग्न केलं होतं आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नोंदणी मागितली होती. ती नाकारली गेली. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये असं लग्न कायदेशीर आहे. मुंबईच्या दोन मुली उद्या बँकॉकच्या जिल्हा कार्यालयात सही करू शकतील, कागद खरा असेल, आणि जे देश असं लग्न मानतात तिथं जोडीदाराच्या व्हिसासाठी तो पुढे करता येईल. मुंबईत उतरल्यावर मात्र त्या कागदावर बँक नॉमिनीला 'पत्नी' लिहून घेणार नाही, आणि वारसा हक्कही मिळणार नाही. तरीही कुणी जाणार असेल, तर त्यांनी देश नीट बघून निवडलाय. त्यांना हॉटेलचं नाव विचारू नका, कुठल्या देशात राहायला जाणार ते विचारा.