गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतोय? बंद करू नका!

परभणीची थंडी दरवर्षी बातमीत असते. पारा ५ अंशांखालीही गेलाय. त्यामुळे पोखर्णीसारख्या गावातही आता ऑनलाइन मागवलेले गिझर बसतायत. इथल्या एका घरी मी पाहिलं, सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याचं तोंडच टेपने बंद केलेलं!

पण ते लीकेज नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर तापलं की साधारण पाव लिटरने फुगतं. ते थेंबथेंब बाहेर पडतं. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बिघडले, तर दाब सोडायला हाच व्हॉल्व्ह उरतो. गिझर बंद असतानाही गळत असेल, तर प्लंबरला दाखवा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसी पाइप घ्या. स्टार रेटिंग आपण बघतोच. व्हॉल्व्ह आणि अर्थिंगही बघा.