आजीला स्वतःला काय हवं होतं?

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकांमध्ये आजीवर पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यातली माया खरी असते. तरीही ते लेख वाचताना मला एक उणीव सतत जाणवते. त्यांत आजी फक्त देत असते. खाऊ देते, गोधडी देते, संस्कार देते. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात मात्र ते आज्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. शिवजयंतीच्या वेळी गावात वाचन चाललं होतं. आपल्यालाही असं वाचता आलं असतं तर, असं म्हाताऱ्या बाया म्हणाल्या. असली वाक्यं आपण घरोघरी ऐकतो आणि सोडून देतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते सोडून दिलं नाही. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची साथ मिळाली आणि ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, अंगावर गुलाबी साड्या, हातात पाटी. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरची आणि शेतातली कामं उरकल्यावरची. शिकवायला गावातलीच एक सून. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाया सही करू लागल्या, आणि घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली.

ही ओढ निव्वळ साक्षरतेची नव्हती. पोथी आपल्या डोळ्यांनी वाचावी, ही इच्छा त्यामागे होती. आजीच्या श्रद्धेला आपण भोळी म्हणतो ते मला पटत नाही. जन्मभर कानांनी ऐकलेलं आता स्वतः वाचून पाहावं, असं ज्या श्रद्धेला वाटतं ती भोळी कशी?

तिच्या दयेलाही आपण सहज हळवं करून टाकतो. मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय, पुढे भातसा धरणाचं पाणीही मुंबईला गेलं. आणि त्याच तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा गावात दारी आलेल्या अनोळखी माणसाला बसायच्या आधी तांब्या पुढे करणारी म्हातारी स्वतः आणलेल्या हंड्यातलं पाणी देत असते. पुढची खेप तिलाच करायची असते, आणि ते माहीत असूनही ती देते. आपल्या आजीच्या लेखीही देवपूजा आणि हा तांब्या यांत फरक नव्हता. आपण परदेशात तिची पूजा नेमाने सांभाळली. तांब्याचं काय केलं, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

तांब्याभर पाण्याची नोंद कोणी ठेवत नाही. मुरबाडकडून वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढून गेलं की वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, सगळं दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं. तिथे उभं राहिलं की मला हटकून त्या बाया आठवतात, ज्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी दुसऱ्याला दिली आणि ज्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

कोणी म्हणेल, आजी समाधानी होती, तिने कधी काही मागितलं नाही. पण मागणाऱ्या बाईला त्या पिढीत काय काय ऐकून घ्यावं लागे, हे आपल्याला ठाऊक आहे. न मागण्याला समाधान म्हणणं आपल्या सोयीचं आहे. फांगण्यात ऐकून घेणारं माणूस भेटलं, तेव्हा वर्ग भरायला वेळ लागला नाही.

आज आपल्या कितीतरी घरांत भारतातून आलेली आजी आहे. बहुतेक वेळा ती बाळंतपणासाठी येते आणि सहा महिने राहते. डिंकाचे लाडू करते, बाळाला न्हाऊ-माखू घालते, मोठ्याला शुभंकरोती शिकवते. घरातली सगळी कामावर गेली की दिवसभर ती चार भिंतींत असते. एकटीने बसने जाता येत नाही, शेजारणीशी दोन शब्द बोलता येत नाहीत, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही. तिच्या उपकारांवर आपण भाषणं करतो आणि तिची दुपार तशीच रिकामी जाते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. मुलांच्या मराठी शाळेसाठी घेतो तसाच हॉल आठवड्यातून दोन दुपारी आज्यांसाठी घ्यावा. बसचं वेळापत्रक, दुकानातलं बोलणं, फोनवरून गावाकडे पैसे पाठवणं, ज्यांना हवी त्यांना मोठ्या टाइपातली ज्ञानेश्वरी. त्यांना आणायला-सोडायला गाडी लागेल, ती आपण पाळीपाळीने काढू. मंगळवारची पाळी मी घेतो. आणि काय शिकवायचं ते समितीने आधी ठरवू नये, पहिल्या दिवशी त्यांनाच विचारावं.