दट्ट्या वर आला, पण कुणाच्या जोरावर?

"तू नक्की काम काय करतोस रे?" हा प्रश्न आमच्या घरी दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर येतो. 'कॉम्प्युटरवर' एवढं उत्तर आजवर पुरत होतं. यंदा मात्र मी मावशीला खरं काय ते सांगून टाकलं. "अमेरिकेतल्या गॅसच्या विहिरींत पाणी साठतं, ते बाहेर काढतो." "इथं पुण्यात बसून?" "हो, इथं बसून." मावशीनं चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "मग सोसायटीच्या बोअरचं बघ की जरा. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो." :-)

बोअरचं मला काही जमणार नाही. पण त्या विहिरींबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. कारण त्या कामात मी एक चूक केली आणि ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. चूक कोडमध्ये होती असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ती त्याच्या बरीच आधी, 'यश कशाला म्हणायचं' हे ठरवतानाच झाली होती.

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, प्रेशर कुकर माहीत असला की पुरे.

गॅसची विहीर म्हणजे जमिनीत दीड-दोन किलोमीटर खोल गेलेलं भोक. त्यात बाहेरून लोखंडी केसिंग (आपल्या बोअरला असतं तसंच, फक्त जास्त भक्कम) आणि त्याच्या आत एक बारीक नळी. गॅस त्या नळीतून वर येतो. विहीर तरुण असते तेव्हा गॅस एवढ्या वेगानं येतो की खडकातलं पाणीही थेंबाथेंबानं सोबत घेऊन येतो. वादळात पाचोळा उडावा तसं. वय झालं की दाब उतरतो, वेग मंदावतो, आणि थेंब वर येण्याऐवजी मागे पडायला लागतात. ठरावीक वेगाच्या खाली गेलात की पाणी तळाशी साचणार, हा हिशोब टर्नर, हबर्ड आणि डकलर या तिघांनी १९६९ मध्ये मांडला. आजही या धंद्यात कुणीही बोलायची सुरुवात तिथूनच करतो.

साचून साचून साचणार किती? म्हणजे बघा, नळीचा आतला व्यास साधारण ५ सेंटिमीटर. त्यात एक बॅरल, म्हणजे १५९ लिटर पाणी ओता. ऑफिसातल्या वीस लिटरच्या आठ बाटल्या समजा. एवढ्याशा पाण्याचा त्या नळीत जवळपास ७९ मीटर उंच खांब होतो! पंचवीस मजली इमारतीएवढा. त्याचा तळाशी दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोच्या आसपास. आपला कुकर एक किलोच्या दाबाला शिट्टी देतो, त्यावरून अंदाज घ्या. थकलेल्या विहिरीच्या छातीवर एवढं ओझं बसलं की ती गप्प होते. आत गॅस शिल्लक असतो, पण वर यायला श्वास नसतो.

मग काय करायचं? पंप बसवता येतो, पण पंप म्हटलं की वीज आली, देखभाल आली, खर्च आला. म्हातारी विहीर दिवसाला जेवढं कमावते त्यात हे परवडेलच असं नाही. इथं येतो आपला नायक, प्लंजर. मराठीत सरळ दट्ट्या म्हणू. हातभर लांबीचा पोलादी दांडा, नळीत जेमतेम बसेल एवढ्या जाडीचा. वरचा व्हॉल्व्ह बंद केला की तो आपल्या वजनानं खाली पडतो, पाण्यातून बुडत जातो आणि तळाच्या स्प्रिंगवर जाऊन बसतो. आता त्याच्या डोक्यावर पाणी. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळं गॅसचा दाब वाढत राहतो. नळी आणि केसिंग यांच्यामधली पोकळी म्हणजे गॅसचं गोदामच. पुरेसा दाब साठला की व्हॉल्व्ह उघडायचा. गोदामातला गॅस नळीच्या तळाशी घुसतो आणि दट्ट्याला खालून ढकलतो. दट्ट्या डोक्यावर पाणी घेऊन वर निघतो. वर पोचला की सेन्सरला कळतं, पाणी बाहेर, गॅस पाइपलाइनमध्ये. मग थोडा वेळ गॅस वाहू द्यायचा, व्हॉल्व्ह बंद, दट्ट्या परत खाली. दोन किलोमीटरच्या विहिरीत खाली जायला साधारण पंचवीस-तीस मिनिटं, वर यायला नऊ-दहा. दिवसभर हेच.

बाहेरची वीज नाही की इंजिन नाही. वरच्या कंट्रोलरला एक छोटं सोलर पॅनेल लागतं, तेवढंच. विहीर स्वतःच्याच उरलेल्या जोरावर स्वतःचं ओझं उतरवते. मला विचाराल तर इंजिनिअरिंगमधल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे. आणि नवीही नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युरा अ‍ॅव्हेन्यू क्षेत्रातल्या अनुभवावरून फॉस आणि गॉल यांनी तिचं गणित १९६५ मध्येच छापलं होतं.

सगळी कला एकाच प्रश्नात आहे: थांबायचं किती? व्हॉल्व्ह लवकर उघडला तर दाब कमी पडतो आणि दट्ट्या अर्ध्यात अडकतो. फार उशीर केला तर गॅस विकायचा वेळ वाया जातो, आणि डोक्यावर पाणी थोडं असेल तर दट्ट्या गोळीसारखा वर येऊन आदळतो. गावी आमचे आजोबा विहिरीवरची मोटर तास-दीड तास चालवून बंद करायचे. "भरू दे तिला," म्हणायचे. किती वेळ ते त्यांना घड्याळ न बघता कळायचं. न्यू मेक्सिकोतल्या फार्मिंग्टनच्या आजूबाजूला, सॅन वॉन खोऱ्यात, हे काम पंपर नावाचा माणूस करतो. पिकअप गाडी घेऊन रोज विहिरीमागून विहीर फिरायचं, दाब बघायचा, कान द्यायचा, वेळा बदलायच्या.

या पंपरच्या डोक्यातलं शहाणपण सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, हा आमचा प्रोजेक्ट.

आमचा नियम दिसायला सोपा होता. दट्ट्या ठरलेल्या वेळेत वर आला की फेरी यशस्वी, म्हणजे पुढच्या वेळी थांबण्याचा वेळ थोडा कमी करून बघा. आला नाही तर फेरी अयशस्वी, म्हणजे वेळ वाढवा. असं करत करत प्रत्येक विहीर आपली योग्य वेळ स्वतःच शोधेल. स्क्रीनवर यशाला हिरवा ठिपका, अपयशाला लाल. डेमोच्या दिवशी सगळे खूश.

आता यातली मेख. दट्ट्या वेळेत आला नाही तर कंट्रोलरकडे एक हुकमी पत्ता असतो. नळीचं तोंड पाइपलाइनऐवजी टाकीकडे उघडायचं. पाइपलाइनमध्ये दाब असतो, उघड्या टाकीत जवळजवळ नसतोच. समोरचा अडसर गेला की दट्ट्या सुळकन वर येतो. फक्त त्या वेळात बाहेर पडणारा गॅस टाकीतून थेट हवेत जातो. याला व्हेंटिंग म्हणतात.

आमच्या डेटाबेसमध्ये 'दट्ट्या आला' असा एकच रकाना होता. आपल्या जोरावर आला की टाकी उघडून ओढून आणला, याची नोंदच नव्हती. सेन्सर वाजला की ठिपका हिरवा.

पुढे काय झालं असेल हे तुमच्यातल्या कोड लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं असेलच. हवेत गॅस सोडून आणलेली फेरीही 'यशस्वी' ठरत होती, म्हणून सॉफ्टवेअर थांबण्याचा वेळ आणखी कमी करत होतं. वेळ कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून परत टाकी उघडायची, परत हिरवा ठिपका, वेळ अजून कमी. काही विहिरी या चक्रात अशा अडकल्या की दिवसातल्या जवळपास सगळ्या फेऱ्या हवेत गॅस सोडून होत होत्या. आणि आमच्या यादीत नेमक्या त्याच विहिरी सगळ्यात वर! रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्यांचे आलेख मीच दाखवले. टाळ्या नाही, पण 'गुड जॉब' मिळालं.

चूक पकडली ती तिथल्या एका साठीतल्या पंपरनं. त्याची मेल चार ओळींची होती. मतितार्थ असा: तुमची हिरवी विहीर मी आज ऐकून आलो. टाकीजवळ उभं राहिलं की सारखी फुसफुसते. ही विहीर बरी नाही. हे तुमच्या स्क्रीनला दिसत नाही का?

दिसत नव्हतं. कारण आम्ही दाखवलंच नव्हतं.

दुरुस्ती काय होती? एक जास्तीचा रकाना आणि एक 'इफ'. अर्ध्या दिवसाचं काम. पण आधीचे महिने परत येत नाहीत. हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-तीस पट तापवतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबानं ऐंशीहून जास्त पट. सॅन वॉन खोऱ्यावर मिथेनचा केवढा मोठा डाग आहे हे उपग्रहाच्या २००३ ते २००९ च्या मोजमापांवरून २०१४ मध्ये जगासमोर आलं होतं. तो डाग आमचा नव्हे. पण त्या आभाळात आम्हीही भर घातली, हे खरं.

आणि हे फक्त आमचंच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या ईपीए या पर्यावरण संस्थेनं गॅस वाचवण्याचा उपाय म्हणूनच दट्ट्याची शिफारस केली होती. मग टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड अ‍ॅलन यांच्या गटानं विहिरींवर जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केलं. २०१५ च्या आसपास छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की दट्ट्या नसलेल्या विहिरी वर्षातून मोजक्या वेळा गॅस सोडतात, तर आपोआप चालणाऱ्या दट्ट्याच्या काही विहिरी शेकडो, हजारो वेळा. दर वेळी थोडा थोडाच, पण फेऱ्या किती! शिवाय एकूण गळतीतला मोठा वाटा थोड्याच विहिरींचा. म्हणजे उपाय चांगला की वाईट हे दट्ट्यावर ठरत नाही, तो कसा चालवला यावर ठरतं. आणि तो चालवतं आमच्यासारख्यांचं सॉफ्टवेअर.

माझं मत सरळ आहे. टाकीकडे उघडणं हा सॉफ्टवेअरचा आपोआपचा निर्णय असू नये. दट्ट्या आला नाही तर आधी थांबा, दाब साठू द्या, परत प्रयत्न करा. तरीही नाही जमलं तर माणसाला विचारा, आणि त्यानं 'हो' म्हटलं की त्याच्या नावासकट नोंद करा. आणि किती मिनिटं गॅस हवेत गेला हा आकडा पहिल्याच स्क्रीनवर, हिरव्या ठिपक्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात दिसला पाहिजे.

यावर दुसरी बाजू आहे, आणि ती खोटी नाही. थांबत बसलो आणि तेवढ्यात पाणी वाढलं तर विहीर पुरती बुडते. मग गाडी आणून दोरानं पाणी उपसायला लागतं, त्याचा खर्च लहान मालकाला महिन्याच्या कमाईएवढा पडू शकतो. पंपर एक, विहिरी अनेक. रात्री दोन वाजता 'हो' म्हणायला कोण उठणार? मान्य. पण जी विहीर जवळजवळ प्रत्येक फेरीला टाकी उघडल्याशिवाय चालत नाही ती स्वतःच्या जोरावर चालतच नाहीये. तिचा खर्च आपण हवेच्या खात्यावर लिहितोय, इतकंच. तिला दुसरा उपाय हवा, नाहीतर ती रीतसर बंद करायला हवी. हिरवा ठिपका देऊन हा निर्णय फक्त पुढे ढकलला जातो.

नियम येतील तेव्हा बघू, असंही मी मीटिंगमध्ये ऐकलंय. नियम आलेही. न्यू मेक्सिको राज्यानं २०२१ मध्ये कंपन्यांना २०२६ अखेरपर्यंत ९८ टक्के गॅस पकडायची अट घातली. ईपीएनं डिसेंबर २०२३ मध्ये विहिरींतलं पाणी काढताना गॅस सोडण्याविरुद्ध नियम जाहीर केले, आणि २०२५ मध्ये त्या नियमावलीतल्या काही मुदती पुढेही ढकलल्या गेल्या. नियमांचं हे असंच, पुढेमागे होणार. पण डेटाबेसमध्ये कुठले रकाने ठेवायचे हे कुठल्याही सरकारनं मला सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं, एका गुरुवारी दुपारी, जेवणानंतर, दहा मिनिटांत.

आपण सगळेच कुठे ना कुठे हिरवे ठिपके बनवतो. कुणी डिलिव्हरीच्या वेळेचे, कुणी कर्जवसुलीचे, कुणी कॉल सेंटरमधल्या 'सोडवलेल्या' तक्रारींचे. ठिपका हिरवा झाला एवढं बघून आपण घरी जातो. तो कसा हिरवा झाला, कुणाच्या खर्चानं झाला, हा रकाना बहुतेक वेळा नसतोच. तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण तो कुणाच्याच बोनसमध्ये मोजला जात नाही.

आमच्या प्रोजेक्टचं काय झालं? नवीन रकाना आला, वेळ कमी करणारं चक्र तुटलं. 'आधी माणसाला विचारा' ही सोय मात्र ऐच्छिक राहिली, आणि सिस्टीम बसवताना ती बंदच असते. व्हेंटिंगच्या मिनिटांचा रिपोर्ट आहे, पण तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावर आणण्यासाठी मी तीनदा विषय काढला. चौथ्यांदा सोमवारी काढणार आहे.

मावशीच्या बोअरचं म्हणाल तर मी सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच सुचवलंय की मोटर सलग चालवू नका, मध्ये तासभर थांबून बघा. ते म्हणाले, "थांबलो तर लोक ओरडतात."

तिथंही तेच. असो.