दुकानात परत आलेला ऑस्कर घरी न्यावा का?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कोपऱ्यातल्या एखाद्या काचपेटीत वीतभर लांबीचा मासा एकटाच फिरत असतो. त्या पेटीवर किमतीची चिठ्ठी नसते. चौकशी केली की दुकानदार सांगतो, ‘गिऱ्हाइकाने परत आणून दिलाय. बाकीचे सगळे मासे मारले त्याने. हवा असेल तर कमी-जास्त करून देतो.’ हा मासा बहुधा ऑस्कर नाहीतर फ्लॉवरहॉर्न असतो. दोघेही सिक्लिड कुळातले. बोटाएवढे पिल्लू असताना ते गोल्डफिशच्या शेजारी विकले जाते आणि वर्षभरात शेजाऱ्यांना गिळू लागते.

अशा माशाला घरी न्यावे का? ऑस्कर काचेजवळ येऊन माणसाकडे टक लावून पाहतो, खायला देणाऱ्याला ओळखतो, त्यामुळे ‘बिचारा’ म्हणून हात पुढे होतो. पण बहुतेक घरांसाठी याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल, आणि त्याला कारण माशाचा स्वभाव नाही.

बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात. सिक्लिड तसे करत नाहीत. ते जागा निवडतात, तळ साफ करतात, अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर पहारा देतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमधला काळुंदर हा आपला देशी सिक्लिड. तोही पिल्लांची राखण करतो. राखण आली की हद्द आली आणि हद्द आली की भांडण आले. नदीत हे भांडण फार वेळ चालत नाही. हरलेला मासा पळून जातो, चार हात लांब गेला की पाठलाग थांबतो. दोन फुटी काचपेटीत हरलेल्याने जायचे कुठे? तो समोर दिसतच राहतो, म्हणून मार खातच राहतो. दुकानदार ज्याला ‘खुनी’ म्हणतो, त्याने पुष्कळदा एवढेच केलेले असते.

याचा प्रत्यक्ष अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील संशोधक रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी मायडस सिक्लिड या माशावर काम करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. पेटी पुरेशी मोठी आणि आत दगड, आडोसे भरपूर असले, तर माशांची मारामारी कमी होते. घरगुती पेट्या बहुधा याच्या उलट असतात: लहान, मोकळ्या, तळाशी रंगीत खडे आणि मधोमध बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पेटारा. फ्लॉवरहॉर्नचे डोके फुगावे म्हणून त्याच्यासमोर आरसा धरण्याची हौसही अनेकांना असते. तिलापिया माशांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की मासा आरशातल्या प्रतिमेशी खऱ्या प्रतिस्पर्ध्याइतकाच त्वेषाने भांडतो, पण खऱ्या झुंजीनंतर वाढणारी संप्रेरके या झुंजीत वाढत नाहीत. आरशातला शत्रू कधी हरत नाही आणि पळूनही जात नाही. ज्याला खेळ म्हणतात तो माशासाठी न संपणारा सामना आहे.

म्हणजे सगळा प्रश्न जागेचा आहे, आणि जागेचा हिशेब मांडता येतो. पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभर लांब होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षे, कधी त्याहून जास्त जगतो. एका माशासाठी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी हवी. तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावते. काच, वाळू, दगड धरून वजन ३०० किलोच्या पुढे जाते. साध्या टेबलावर ते ठेवता येत नाही. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचे म्हणजे १५ लिटरच्या पाच बादल्या, तेही क्लोरीन काढलेले पाणी. हा मासा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो, त्यामुळे दमदार फिल्टर लागतो आणि तो चोवीस तास चालावा लागतो. ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, किंवा ज्या गावात दुपारभर वीज जाते, तिथे हा विचार आधी करावा. शिवाय पेटीत दुसरा मासा ठेवायचा नाही, हे घरातल्या मुलांनाही पटवून द्यावे लागते. ही तयारी असेल त्याने खुशाल न्यावा. एकट्या, प्रशस्त पेटीत बदनाम ऑस्करही शांत होतो.

नेण्याआधी मासा पाहून घ्यावा. डोक्यावर खड्डे पडलेत का, खातो का, श्वास जलद चालतो का? खराब पाण्यात ठेवलेल्या ऑस्करच्या डोक्याला खड्डे पडण्याचा आजार होतो. माणसाच्या बाजूनेही एक काळजी आहे. माशांच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला जंतू असू शकतो. हाताला कापले-खरचटले असेल, किंवा मासा चावला असेल, तर तो त्या वाटेने शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर वा मनगटावर गाठ येते आणि ती नेहमीच्या मलमांनी जात नाही. उपचार काही महिने चालतात. घरी फिश टँक आहे, हे रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगितले नाही तर निदानाला फार उशीर होतो. पेटी साफ करताना लांब हातमोजे घालावेत आणि पाणी काढायची नळी तोंडाने ओढण्याची सवय सोडावी.

‘मी नाही नेला तर त्याचे काय होईल’ हा प्रश्न खरा आहे. पण जागा नसताना नेलेला मासा वर्षभरात पुन्हा नकोसा होतो, आणि दुसऱ्यांदा दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला की लोक जवळचे तळे गाठतात. हे दयेचे काम नाही. तिलापिया १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला, तोही सिक्लिडच. आज ‘चिलापी’ नावाने तो राज्यातल्या धरणांत इतका मुरला आहे, की परका वाटतच नाही. फ्लॉवरहॉर्न तर माणसाने संकरातून तयार केलेला, त्याला परत सोडावे असे मूळ घर कुठल्याच नदीत नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या मतानो तळ्यात तो शिरला आणि जगात इतरत्र न सापडणाऱ्या तिथल्या माशांना धोका झाला.

त्यामुळे मासा परत घेणाऱ्या दुकानदाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. तळ्यापेक्षा त्याची कोपऱ्यातली पेटी कितीतरी बरी. त्याला धरायचे ते विक्रीच्या वेळी. बोटाएवढे पिल्लू पिशवीत बांधून देताना हा मासा केवढा होणार, किती वर्षे जगणार आणि त्याला केवढी पेटी लागणार, हे त्याने सांगितले पाहिजे. आणि परत आलेला मासा नेणाऱ्याने पैसे देण्याआधी विचारून घ्यावे, की नाही जमले तर पुन्हा घ्याल ना. काचर करणारा दुकानदार असेल, तर त्याच्याकडून मासा नेऊ नये.