सही न केलेला अर्ज



मागच्या आठवड्यात महिला मंडळात एक अर्ज फिरला. पर्युषणाचे दहाही दिवस आपल्या भागातली मटण-चिकनची दुकानं बंद ठेवावीत, अशी महापालिकेला विनंती. कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा बावीस सह्या झाल्या होत्या. मी पेन हातात घेतलं आणि कागद तसाच पुढे दिला. "काकू, चष्मा विसरलात का?" शेजारच्या सूनबाईंनी विचारलं. चष्मा नाकावरच होता.

तेव्हापासून दोघी-तिघी माझ्याशी तुटक बोलतात, म्हणून हे लिहितेय.

२०१५ साल आठवतंय ना? १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना ही आत्महत्याच आहे असा निकाल दिला आणि गावोगाव आपला समाज रस्त्यावर उतरला. गुडघे दुखत असताना मीही मूकमोर्चात चालले. आपलं म्हणणं एकच होतं. हे व्रत आहे, स्वतःहून, गुरूंच्या साक्षीनं घेतलेलं, सरकारनं त्यात पडू नये. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवशी घरी मी गोड केलं होतं.

आणि लगेच सप्टेंबरात मुंबईत मांसबंदीचा वाद पेटला. मिरा-भाईंदरला आठ दिवसांची बंदी, मुंबईतही काही दिवस. मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, तेव्हा आपल्यातल्या कितीजणी हळहळल्या. मला मात्र तेव्हाच खटकलं होतं. महिन्याभरापूर्वी आपण म्हणत होतो, आमच्या व्रतात सरकार नको. आता म्हणत होतो, आमचं व्रत सरकारनं दुसऱ्यांकडून पाळून घ्यावं. मोर्चातले फलक अजून माळ्यावर असतील!

कायद्याचं म्हणाल, तर अहमदाबादेत पर्युषणात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवणं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवलं आहे. तेव्हा मागणी बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. आपल्याला ती शोभते का, एवढंच विचारते.

एका मैत्रिणीनं फोनवर मला कृत-कारित-अनुमोदना ऐकवली. हिंसा करणं, करवणं आणि तिला संमती देणं, तिन्ही दोषच. गप्प बसणं म्हणजे संमतीच, असं तिचं म्हणणं. बरं, मग कपाट उघडू या. माझ्याकडे चार रेशमी साड्या आहेत, त्यातली एक पूजेलाच नेसते. एका साडीला हजारो कोश लागतात, आणि ते आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात जातात. ही तर संमतीही नाही, पैसे मोजून करवणं आहे. त्यावर बंदी आणा म्हणून आपण कधी अर्ज केला नाही, कारण तिथे सोडायचं आपल्याला आहे. (साड्यांचं काय करायचं ते माझंही ठरलेलं नाही. सुनेला देणं हा काही त्याग नव्हे.)

शिवाय दिवस कुणाचे धरायचे? श्वेतांबरांचे आठ संपतात आणि आपले दहा लागतात. दोन्ही मिळून अठरा. उद्या कुणी म्हणालं, आमच्या श्रावण सोमवारी सगळ्यांनी उपास धरा, रमजानात दिवसा खाणावळी बंद ठेवा, तर आपण काय तोंडानं नाही म्हणणार? बी.कॉम.ची खोड, आकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण सुमारे १४ लाख. राज्याची लोकसंख्या ११ कोटींच्या वर. शंभरात सव्वा! आपण एवढे थोडे असूनही आपली देवळं, आपल्या मुनींचे विहार सुखरूप चालतात, ते उरलेले पावणेनव्याण्णव आपल्याला आपल्या पद्धतीनं जगू देतात म्हणून.

खरं सांगते, एवढा विचार करूनही मी कदाचित सही केली असती. चारचौघींत वेगळं पडायला मलाही आवडत नाही. पण माझ्याकडे भांडी घासायला येते तिचा नवरा चिकनच्या दुकानात रोजंदारीवर आहे. बैठकीच्या सकाळीच तिनं विचारलं होतं, "काकू, यंदा तुमचे दहा दिवस कधी लागतात?" मला कौतुक वाटलं, हिच्या लक्षात आहे म्हणून. मी तारीख सांगितली. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "दुकान किती दिवस बंद ठेवणार म्हणतात? वाण्याला सांगून ठेवायला लागेल." रोजचे पाचशे धरले तरी दहा दिवसांचे पाच हजार. माझा उपास आणि उधारी तिच्या नावावर.

यंदाही मी पालेभाज्या बंद करीन, सूर्यास्ताआधी जेवीन, झेपले तेवढे उपास करीन. अर्ज पुढे गेला की नाही, मला कुणी सांगितलेलं नाही. क्षमावाणीला मी मंडळातल्या सगळ्यांच्या घरी जाणार आहे, तुटक बोलणाऱ्यांकडे आधी. सहीचं सोडून बाकी सगळ्याची क्षमा मागेन.